बेळ्ळंदूरच्या टेबलावर लढाऊ जहाज

बेंगळुरूला समुद्र नाही. मंगळूर साडेतीनशे किलोमीटर, चेन्नईही जवळपास तेवढंच, आणि शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर. शहरातल्या बेळ्ळंदूर भागाचं पाणी म्हणजे तिथला तलाव, आणि तो बातम्यांत येतो तो फेसामुळे नाहीतर आगीमुळे. जानेवारी २०१८ मध्ये ती आग विझवायला लष्कराचे जवान उतरवावे लागले होते! तरीही आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी पोचलेल्या आयटीवाल्या मराठी माणसाला शनिवार-रविवारसाठी उद्योग सुचवायचा झाला, तर मी एकच सुचवेन. आराखडा घ्या आणि शिडाचं लाकडी लढाऊ जहाज बांधा. प्रतिकृतीच, पण फळीला फळी जोडून. हा छंद फिरंग्यांचा, असं वाटत असेल तर पुढचं वाचाच.

तलावावर उतरायची विमानं

बेळ्ळंदूरला नौकांचं वावडं नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅटलिना नावाची पाण्यावर उतरणारी विमानं दुरुस्तीसाठी बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे यायची आणि ती उतरायची बेळ्ळंदूर तलावावर. बोटीसारख्या पोटाच्या त्या विमानांनी जिथे पाणी कापलं, तिथे आज काचेच्या इमारती डोकावतात. तलावातून पुढे निघालेलं पाणी वर्तूरमार्गे दक्षिण पिनाकिनीला मिळतं आणि कडलूरजवळ बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे समुद्राशी नातं आहे, फक्त लांबचं.

समुद्रापासून दूर बसून जहाजांचे बेत आखणंही या मुलखाला नवं नाही. टिपू सुलतानाने १७९६ मध्ये श्रीरंगपट्टणात बसून चाळीसेक लढाऊ जहाजांचा बेत केला होता. त्याच्याही आधी, १६३८ पासून, बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी, व्यंकोजीराजांनी, मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराचं देऊळ उभारलं, आणि थोरल्या चिरंजीवांनी उभं केलं आरमार. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः गलबतात बसून कर्नाटकच्या किनाऱ्यावर बसरूरला आले. इंग्रजांच्या नोंदीत त्या ताफ्याचा आकडा ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं असा आहे. हे बसरूर आजच्या उडुपी जिल्ह्यात.

आराखडा जळाला, जहाज तरलं

प्रतिकृती बांधायला सगळ्यात आधी लागतो आराखडा. त्या बाबतीत नशीब काढलेलं एक जहाज आपल्या मुंबईत बांधलेलं आहे. नाव ‘ट्रिंकोमाली’. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी पुण्यात खडकीची लढाई झाली. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून बांधकामाचा मुहूर्त झाला होता. लाकूड मलबारचं सागवान.

आता या आराखड्याची वंशावळ बघा. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ नावाचं फ्रेंच फ्रिगेट पकडलं. त्याचा आकार त्यांना इतका आवडला की त्यांनी त्याची मापं घेऊन त्याच घाटाची जहाजं बांधायला काढली, तो ‘लीडा’ वर्ग. ट्रिंकोमाली त्यातलीच. म्हणजे डोकं फ्रेंच, पैसा इंग्रजांचा, हात पारशांचे आणि लाकूड मलबारी.

तिचा आराखडा इंग्लंडहून मुंबईला निघाला तो ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ २९ डिसेंबर १८१२ रोजी तिला अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ आडवी आली. तीन-साडेतीन तासांच्या मारामारीत जावाची अशी चाळण झाली की जिंकणाऱ्यांनाही ती बरोबर नेण्यात अर्थ वाटेना. त्यांनी तिला आग लावली. जाता जाता तिचं सुकाणूचं चाक मात्र काढून स्वतःच्या जहाजाला बसवलं, कारण त्यांचं तोफगोळ्याने उडालं होतं. आराखडा जावाबरोबर गेला. मग मुंबईला दुसरी प्रत धाडावी लागली आणि काम लांबलं.

गंमत पुढेच आहे. आराखडा बुडवणारी कॉन्स्टिट्यूशन आज बॉस्टनमध्ये पाण्यावर आहे. त्या आराखड्याच्या दुसऱ्या प्रतीवरून मुंबईत बांधलेली ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. दोघींनी दोनशे वर्षं पार केली. लीडा वर्गातली आणखी एक बहीण, ‘युनिकॉर्न’, स्कॉटलंडमध्ये डंडीला उभी आहे. तिला शिडं कधी चढलीच नाहीत. बांधून झाल्यावर वर छप्पर घालून तिला राखीव ठेवलं आणि ती तशीच राहिली.

आणि जावावर एक प्रवासी होता, मुंबईला सेनापती म्हणून निघालेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. तो अमेरिकनांच्या कैदेत सापडला, सुटला आणि हिंदुस्थानात आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच. त्याला सोडताना अमेरिकन कप्तानाने जरा घोळ घातला असता तर बरं झालं असतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

कागदावर अर्धंच जहाज

अशा जहाजांचे मूळ आराखडे ग्रीनविचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमने जपून ठेवले आहेत. जुना जहाजी आराखडा पहिल्यांदा उलगडला की माणूस चक्रावतो, कारण त्यात जहाज अर्धंच असतं. तीन चित्रं असतात. एक बाजूने बघितल्याचं. दुसरं वरून बघितल्याचं, पण डाव्या-उजव्यापैकी एकाच बाजूचं, कारण दुसरी बाजू हुबेहूब तशीच. तिसरं सगळ्यात चलाख. त्यात जहाजाचे पावासारखे आडवे काप काढून ते एकावर एक रेखलेले असतात. मधल्या रेघेच्या उजवीकडे नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, पोटापर्यंतच्या कापांचे अर्धे भाग आणि डावीकडे पोटापासून पाठीमागपर्यंतच्यांचे. एका चित्रात दोन टोकं. या काटकसरीला दाद द्यायलाच हवी.

आराखडा प्रिंट करून आणायला दुकानात जाल तेव्हा एक काळजी घ्या. दुकानदार ‘पानात बसवा’ हे बटण सवयीने दाबतो आणि तुमचं जहाज तीन टक्क्यांनी आखडतं. आराखड्यावर मापाची पट्टी छापलेली असते. तिच्यावर स्टीलची फूटपट्टी ठेवून बघितल्याशिवाय दुकानातून हलू नका. तीन टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण डोलकाठ्या एका कागदावरून आणि सांगाडा दुसऱ्या कागदावरून केला की त्या तीन टक्क्यांचा हिसका कळतो.

मापांच्या घोळाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्वीडनचं. ‘वासा’ हे राजाचं मिरवायचं लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघालं आणि सव्वा किलोमीटर गेलं नाही तोच बुडालं. वर तोफा जड, खाली वजन कमी, हे मुख्य कारण. १९६१ मध्ये ते वर काढल्यावर त्यात सुतारांच्या चार पट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटांच्या, बारा इंची. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटांच्या, अकरा इंची! एकाच जहाजावर दोन टोळ्या दोन वेगवेगळ्या फुटांनी काम करत होत्या आणि जहाजाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या.

छंदाच्या दुनियेत मापं ठरलेली असतात. पाव इंचाला एक फूट म्हणजे १:४८, हे सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या आरमाराच्या अधिकृत प्रतिकृतींपासून चालत आलेलं माप. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी १:७२ सोयीचं. ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला दीडशे फूट लांब, तो १:७२ ला पंचवीस इंच होतो. पुढचा तिरका सोट धरून जहाज भिंतीवरच्या शेल्फावर मावतं. या मापात साडेपाच फुटांचा खलाशी सव्वादोन सेंटिमीटरचा, आणि अठरा पौंडी तोफेचा पाच इंची गोळा दोन मिलिमीटरहूनही बारीक. रॅकवर असे गोळे ओळीने मांडायचे असतात. फोडणीच्या डब्यातली मोहरी वापरा आणि काळा रंग द्या, कुणाला ओळखू येणार नाही.

सागवानाचं जहाज सागवानात करू नका

इंग्रज मुंबईच्या जहाजांवर खूश होते ते सागवानामुळे. ओकच्या लाकडात टॅनिनचं आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागवानात तेल असतं, ते खिळ्यांना जपतं. वर वाळवी लागत नाही आणि कूज लवकर धरत नाही. म्हणून मुंबईची जहाजं पन्नास-पन्नास वर्षं सहज चालत.

प्रतिकृतीला मात्र हेच सागवान डोकेदुखी. त्या तेलामुळे गोंद धरत नाही, डकवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं. शिवाय सागवानाची रेघ ठसठशीत. १:७२ मध्ये एक मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या जहाजावर सात सेंटिमीटरचा पट्टा. असं लाकूड ब्रह्मदेवालाही सापडायचं नाही! त्यामुळे सागवानी जहाजाची चांगली प्रतिकृती बारीक कणाच्या लाकडात करतात आणि वरून रंग सागवानाचा देतात. युरोपात त्यासाठी बॉक्सवूड आणि नासपतीचं लाकूड चालतं. आपल्याकडे हेदू, ज्याला बाजारात हळदू म्हणतात, ते पिवळसर आणि एकसारख्या पोताचं लाकूड छान काम देतं. शिवणही चालते. सावंतवाडीच्या खेळण्यांना जी शिवण वापरतात, तीच.

पण बेंगळुरूकरांच्या हाताशी याहून सरस गोष्ट आहे, आणि बहुतेक जण म्हैसूरला जाताना तिच्यावरून गाडी दामटतात. चन्नपट्टण. साठेक किलोमीटरवर. तिथली लाखेच्या रंगांची खेळणी ज्या पांढऱ्याशुभ्र, हस्तिदंतासारख्या लाकडाची करतात, ते म्हणजे आपला काळा कुडा. बारीक कण, चीर न पडणारं, कातायला मऊ. डोलकाठ्या, नांगराचं पिंप, तोफेची नळी, दोर ताणायचे तीन भोकांचे गोल ठोकळे, असं जे जे गोल ते चरख्यावर करून घ्यायला यासारखं लाकूड नाही. बाहुल्या कातणाऱ्या कारागिराला तोफेचं चित्र दाखवून बघा. माझा अनुभव असा की एकदा माप मिलिमीटरमध्ये लिहून दिलं की तो फार प्रश्न विचारत नाही.

फळी वाकते कशी

या उद्योगाची खरी गोडी फळ्या चढवण्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्लायवूडचा कणा कापायचा, त्याला खाचा पाडायच्या. आराखड्यातल्या आडव्या कापांच्या आकाराचे प्लायचे पडदे त्या खाचांत काटकोनात बसवायचे. आता बघणाऱ्याला जहाज दिसायला लागतं आणि करणाऱ्याला फुशारकी चढते. इथेच घाई नडते. प्रत्येक पडद्याची कड सरळ असते, पण नाळेकडे जहाजाचा आकार तिरका धावतो. फळी त्या कडेच्या एका टोकावर टेकते आणि बाकी हवेत राहते. म्हणून पडद्यांच्या कडा कानशीने तिरक्या घासायच्या. किती तिरक्या, हे डोळ्याने कळत नाही. लवचीक पातळ पट्टी चार-पाच पडद्यांवर आडवी धरायची, जिथे खाली फट दिसेल तिथल्या शेजारचं लाकूड घासायचं, पुन्हा धरायची. दोन शनिवार यातच जातात. जाऊ द्यावेत.

मग पहिली फळी. दीड मिलिमीटर जाड, पाच मिलिमीटर रुंद. अर्धा तास पाण्यात भिजवून गरम इस्त्रीच्या टोकावर हळूहळू वाकवायची. वाफ निघते, लाकूड करकरतं आणि मग नमतं. मोडली तर दुसरी घ्यायची, फळ्या स्वस्त असतात. जागेवर बसवून कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची, फेव्हिकॉल सुकेपर्यंत हात लावायचा नाही. एक फळी डावीकडे लावली की पुढची उजवीकडेच लावायची. एकाच बाजूला सहा-सात चढवल्या तर सुकताना त्या कण्याला ओढतात, आणि जहाज जन्माचं वाकडं.

खरी मेख रुंदीत आहे. जहाजाच्या पोटाचा घेर मोठा, नाळेचा लहान. पोटावर वीस फळ्या मावल्या तर नाळेवरही त्याच वीस मावल्या पाहिजेत. त्यामुळे प्रत्येक फळी पुढच्या टोकाला निमुळती करावी लागते, पण निम्म्याहून कमी रुंदी ठेवली तर खिळा मारायला जागा राहत नाही. मागच्या अंगाला नेमकं उलटं, तिथे घेर पुन्हा फुगतो आणि फळ्यांत फटी पडतात. तिथे पाचरीसारखे जास्तीचे तुकडे घालतात. खऱ्या जहाजाच्या सुतारांनाही हेच करावं लागे. नाळेपाशी फळ्या एकमेकींवर चढवून वरून लांबी भरणारे महाभाग असतात. एकदा रंग दिला की ते दिसतही नाही. पण ज्याने केलं त्याला माहीत असतं.

हत्यारं फार लागत नाहीत. कानशी, पॉलिश पेपर, बारीक पटाशी, छोटा शिकंजा, हाताने फिरवायचं गिरमिट, भरपूर चिमटे. बेंगळुरूची हवा या कामाला मानवते. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड जसं फुगतं तसं इथे फुगत नाही.

मुंबईकर जहाजांचे कारनामे

आराखडा निवडायला ट्रिंकोमाली एकटीच नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या इतर जहाजांची ही झटपट यादी:

‘मिंडेन’, १८१०. ब्रिटिश आरमाराचं ब्रिटनबाहेर बांधलेलं पहिलं मोठं रांगेचं, म्हणजे रांग धरून लढणारं, लढाऊ जहाज.

‘कॉर्नवॉलिस’, १८१३. पहिल्या अफूच्या युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह हिच्यावरच झाला. हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं ते मुंबईच्या सागवानी फळ्यांवर उभं राहून.

‘एशिया’, १८२४. नवारिनोच्या लढाईत, २० ऑक्टोबर १८२७ रोजी, ब्रिटिश ॲडमिरलचं निशाण हिच्यावर होतं. निव्वळ शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी सागरी लढाई.

‘वेलस्ली’, १८१५. हिचा शेवट ऐकून कुणीही हसेल किंवा हळहळेल. शिडांच्या जमान्यातलं हे चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज सप्टेंबर १९४० मध्ये थेम्स नदीत बुडालं, ते जर्मन विमानांच्या बाँबमुळे. रांगेचं लढाऊ जहाज हवाई हल्ल्यात बुडाल्याचं हे जगातलं एकमेव उदाहरण.

बेचाळीस किलोमीटरचा दोर

छंदवाल्यांचं सगळ्यात लाडकं जहाज म्हणजे नेल्सनचं ‘व्हिक्टरी’, १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं. तिच्यावर एकूण बेचाळीस किलोमीटरच्या आसपास दोर होता. साधारण बेळ्ळंदूरहून विमानतळापर्यंत. फरक इतकाच की दोर गुंतत नसे.

प्रतिकृतीतही दोरच माणसाची परीक्षा घेतो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणणारे जाड दोर आणि त्यांच्यावर खलाशांनी चढायला आडव्या बारीक दोऱ्यांच्या पायऱ्या. दोन पायऱ्यांत तेरा-चौदा इंच, म्हणजे १:७२ ला पाच मिलिमीटर. प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला गाठ मारून बांधायची, जनावर खुंट्याला बांधतात तशी. तीन डोलकाठ्या, दोन बाजू, गाठींचा हिशेब हजारांत जातो. मागे खाचांचा कागद लावला की अंतर चुकत नाही. लता मंगेशकर किंवा क्रिकेटची कॉमेंट्री लावली की वेळही जातो.

दुकानातला शिवणाचा दोरा चालत नाही, त्याला तूस फार. हौशी लोक स्वतःचा दोर वळतात. तीन धागे एका बाजूला तीन आकड्यांत, दुसऱ्या बाजूला एका आकड्यात, आणि ड्रिल मशीन फिरवायचं. आधी प्रत्येक धाग्याला एका दिशेने पीळ द्यायचा, मग तिघांना मिळून उलट दिशेने. दोन्ही पिळांनी एकमेकांना धरल्यामुळे दोर सुटत नाही. पिळता पिळता लांबी बरीच घटते, म्हणून दोर वळायला लांबलचक जागा लागते. इंग्लंडात चॅटमची दोर वळायची इमारत ११३५ फूट लांब आहे ती यासाठीच. तुमच्याकडे सोसायटीचा कॉरिडॉर आहे. रात्री अकरानंतर तो मोकळा असतो आणि वॉचमन सोडून कुणी हटकत नाही. वळलेल्या दोराला मेण चोळा. डोलकाठ्या धरणारे दोर काळे, कारण त्यांना डांबर फासलेलं असे. शिडं ओढायचे दोर फिके.

दोर आणि लाकूड परवडत नसेल तर नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच कैद्यांचा आदर्श आहे. इंग्लंडच्या नॉर्मन क्रॉससारख्या कैदखान्यांत त्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजं कोरली आणि फाटकापाशी भरणाऱ्या बाजारात विकली. आज ती म्युझियममध्ये आहेत.

आराखडा नसलेली गुराब

आता दुखऱ्या जागेवर येऊ. मुंबईत इंग्रजांसाठी बांधलेल्या जहाजाचा इंच न् इंच कागदावर आहे. गुराब या आपल्या मराठा लढाऊ जहाजाचा असा कागद नाही. आपले सुतार आराखडा काढत नसत. मापं डोक्यात, हातात आणि बापाने सांगितलेल्या हिशेबात. सुतार गेला की आराखडा गेला.

म्हणून गुराब बांधायची तर आधी पुरावे गोळा करायचे. सगळ्यात उपयोगी वर्णन इंग्रजांच्या इतिहासकाराचं, रॉबर्ट ऑर्मचं, १७६३ मधलं. तो सांगतो ते थोडक्यात असं: गुराबेला सहसा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाली तीनशे टनांच्या आसपास, दोनवाली दीडशेच्या आतबाहेर. लांबीच्या मानाने रुंदी जास्त, त्यामुळे उथळ पाण्यात चाले. मधून पुढे निमुळती होत गेलेली आणि पुढे गोल नाळेऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं पुढे आलेलं तोंड. त्या तोंडावरून समोर डागायला नऊ ते बारा पौंडी दोन तोफा. गलबत याहून लहान, फार तर सत्तर टनांचं, मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतांनी गुराबांना ओढून न्यायचं. म्हणजे पाठलाग करताना समोर मारा करणारं जहाज, आणि इंग्रजांची जहाजं बाजूला मारा करणारी. सगळा डाव या एका गोष्टीत आहे, आणि प्रतिकृतीत ते पुढे आलेलं तोंड चुकलं तर बाकी कितीही देखणं करा, ती गुराब नव्हे.

दुसरा पुरावा घरचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमाराच्या, आरमारावर वेगळं प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्याशिवाय जे हलत नाही असलं अवजड जहाज करूच नये, असा त्यांचा सल्ला. लाकडाबद्दलही स्पष्ट हुकूम आहे: सागवान वगैरे परवानगीने आणावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षानुवर्षं लेकरांसारखी वाढवलेली असतात. जहाजबांधणीच्या सूचनांत असा परिच्छेद दुसऱ्या कुठल्या आरमाराने लिहिला असेल तर दाखवावा.

बाहेरचं तंत्र घ्यायलाही संकोच नव्हता. १६५९ च्या सुमाराला कल्याण-भिवंडीकडे महाराजांची जहाजं बांधायला रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कामाला होता. वसईच्या पोर्तुगीजांना हे कळल्यावर त्यांनी त्याला फोडून परत नेलं. आजच्या भाषेत कामावरचा माणूस दुसऱ्या कंपनीने पळवला. बेळ्ळंदूरला हे वेगळं समजावून सांगायला नको.

विजयदुर्गजवळ वाघोटनच्या खाडीत खडक कोरून केलेली आंग्र्यांची गोदी आहे, साडेतीनशे फुटांहून लांब. ती बघितली की तिथे किती मोठ्या जहाजांची डागडुजी होत असेल याचा अंदाज येतो. तिथलं आरमार गेलं ते फेब्रुवारी १७५६ मध्ये. इंग्रजांच्या तोफगोळ्याने ‘रेस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली, आणि शेजारी शेजारी बांधलेला तुळाजी आंग्र्यांचा सारा ताफा पेटला. रेस्टोरेशन हे आंग्र्यांनीच कधीकाळी इंग्रजांकडून जिंकलेलं जहाज! आणि जमिनीकडून वेढा घालायला इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

चित्रं हवीत तर बाल्थझार सोल्विन्सची, अठराव्या शतकाच्या अखेरीची. मापं हवीत तर जॉन ईडने १८३४ मध्ये छापलेली फत्तेमारी वगैरे नौकांची मोजणी. आणि फ्रेंच आरमारातला एदमों पारी. त्याने जगभर फिरून युरोपबाहेरच्या नौका मोजल्या, त्यांत भारतातल्याही, आणि इथेच एका यंत्रात सापडून डावा हात गमावला. तरी काम सोडलं नाही. पुढे पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने आपल्याच आराखड्यांवरून प्रतिकृती करवून घेतल्या.

आराखडा नसताना जहाज बांधता येतं याचा ताजा दाखला गोव्याचा. भारतीय नौदलाची ‘कौंडिण्य’ अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधली. खिळे नाहीत, फळ्या काथ्याच्या दोराने शिवलेल्या. चित्रावरून आकार ठरवल्यावर तो पाण्यात कसा वागेल हे आयआयटी मद्रासने आधी प्रतिकृतीवरच तपासलं. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. शिडावर गंडभेरुंड आहे, कर्नाटक सरकारच्या मुद्रेवरचा दोन डोक्यांचा पक्षी.

तलावात सोडायचं का?

नाही. फेसाचं कारण तर आहेच, पण गणितही आड येतं. जहाज ७२ पट लहान केलं की शिडांचं क्षेत्रफळ ७२ च्या वर्गाने घटतं, वजन मात्र घनाने. चौदाशे टनांचं जहाज चार किलोंचं होतं. हिशेब पुरा केला तर तोच वारा प्रतिकृतीला खऱ्या जहाजाच्या ७२ पट सहज उलथवतो. पाण्यात चालवायच्या प्रतिकृतींना म्हणूनच खाली शिशाचा वेगळा जड कणा लावतात. आपण शेल्फावर ठेवावं आणि काचेची पेटी करावी, कारण दोरांत बसलेली बेंगळुरूच्या बांधकामांची धूळ ब्रशने निघत नाही.

सुरुवात कशाने?

व्हिक्टरीने नको. तीन डोलकाठ्या आणि शंभरेक तोफा बघून हुरळलेले निम्मे गडी फळ्या चढवून होईपर्यंत थकतात आणि खोका माळ्यावर जातो. ट्रिंकोमाली दुसऱ्या खेपेला. पहिलं जहाज गलबत असावं: दोन डोलकाठ्या, एक मोठं तिकोनी शीड, सहा-आठ लहान तोफा, आणि गाठी शेकड्यांत.

आणि एक विनंती. बेंगळुरूत राहणाऱ्या कित्येकांचं मूळ गाव मालवण, देवगड, रत्नागिरी, श्रीवर्धन, अलिबागकडचं आहे. यंदा मे महिन्यात गेलात तर होड्या-गलबतं बांधणाऱ्या सुतारांच्या घरी चौकशी करा. मापांची वही, खुणा केलेली लाकडी पट्टी, फळीचा नमुना, काहीही असलं तरी फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून काढा, आणि म्हातारं माणूस हयात असेल तर कोणतं माप कशावरून धरायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.